चाळीस मुलींतला एक आवाज

...आणि वर मला म्हणतो कसा, 'काका, याचा आवाज जरा कोमट आहे!' कोमट! अहो, मी कानात घालायचा इअरफोन घ्यायला आलोय, आंघोळीचं पाणी काढायला नाही! पण हे बोलायचं कुणाला? काउंटरपलीकडे तो दुकानदार, त्याच्यापुढे सहा डब्या, सातवी माझ्या कानात, आणि तो टक लावून माझ्या तोंडाकडे बघतोय. 'फरक आला ना ऐकू?' मी म्हटलं, 'आला, आला!' काय आला? डोंबल आला!

तुम्हाला सांगतो, मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट ठेवायची, एक भिंग घालायचं, ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, 'हे स्पष्ट की मघाचं?' माणूस घामाघूम! चांगले शिकलेसवरलेले लोक, दोन्ही सारखंच दिसत असतं, पण कबूल करतील तर शपथ! 'मघाचं, मघाचं!' म्हणून मोकळे होतात. मला आतल्या आत हसू यायचं. आता नाही येत.

मी कशाला पडलो या फंदात? साडूंमुळे! साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना दोन वर्षांपूर्वी चांगल्या आवाजाचं वेड लागलं. तेव्हापासून ते गाणं ऐकत नाहीत, गाण्यातली 'मोकळी जागा' ऐकतात! बरं, ऐका की, आम्ही कुठे आडवे आलो? पण या दोघी बहिणी शाळेत असताना एका समूहगीतात होत्या. चाळीस मुली, एक पेटी, एक माइक... आणि त्याची कॅसेट! लग्नाला पंधरा दिवस झाले असतील, हिने मला ती कॅसेट लावून दाखवली. म्हणाली, 'यात मी आहे.' आता चाळीस मुली एकदम सूर लावतायत, त्यात कोण कुठली हे कुणाच्या बापाला कळणार? पण पंधराच दिवस झालेले हो! मी डोळे मिटले आणि म्हटलं, 'आला, आला ऐकू! तुझाच सगळ्यात गोड!' ही अशी लाजली म्हणता... त्या लाजण्यावर मी सव्वीस वर्षं संसार केलाय.

तर साडूंनी ती कॅसेट फोनवर उतरवून घेतली आणि मलाही पाठवली. गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर पाय पुसायच्या आत सुरू! 'आमच्या हिचा आवाज लख्ख वेगळा निघतो हो. डावीकडून, दुसऱ्या रांगेतून. तुम्हाला मेव्हणीबाईंचा कुठून येतो?' झालं! थोरली 'चहा टाकते' म्हणून तडक आत, आणि ही मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत बसली. म्हटलं, दुखावली. हिला संशय आला. सव्वीस वर्षांची थाप आज उघडी पडणार! तिथल्या तिथे ठरवलं, की हिचा आवाज एकदा तरी खराखुरा ऐकायचा. थाप खरी करून टाकायची, म्हणजे सुटलो.

साडूंनाच विचारलं, 'स्वस्तातलं काहीतरी सांगा.' तर ते असे हळहळले, जणू मी हॉस्पिटलात आहे. 'नवशिके ना तुम्ही... मग बेस नको. माणसाचा आवाज मधल्या भागात असतो, तो भाग चांगला असलेले घ्या.' घेतले. पहिल्यात नुसती धडधड, गोदामात कुणी पोती आपटतंय आणि मागे कुठेतरी मुली गातायत! परत केले. दुसरे घेतले, त्यात प्रत्येक 'स' टाचणीसारखा टोचायचा. तेही परत. तिसऱ्याच्या वेळी दुकानदाराने माझ्या कानांत तीन मापांची रबरी बोंडं घालून पाहिली आणि म्हणाला, 'काका, तुमचा डावा कान मोठा आहे, उजवा लहान.' पन्नास वर्षं हे दोन कान घेऊन हिंडतोय हो मी, ते जोडीतले नाहीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं! 'आता बसलं. आला ना ऐकू?' 'आला, आला!'

ते घरी आणले, तर फोनला भोकच नाही! मध्ये जोडायची वेगळी वायरची शेपटी आणली. मग साडूंचा फोन, 'चाळीस तास वाजवून ठेवा, आवाज मोकळा होतो.' ठेवले! दुकानात, टेबलाच्या खणात. एका आजोबांचे डोळे तपासत होतो. खालची ओळ वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, 'अहो, तुमच्या खणात मुली गातायत.' काय सांगू त्यांना?

शेवटी परवा दुपारी बसलो. डोळे मिटले. आणि खरं सांगतो, पेटीचा भाता ऐकू आला! बाक करकरलेलं ऐकू आलं! एक मुलगी सर्दी झालेली, एक सगळ्यांच्या आधी धावणारी, आणि अगदी पुढे... एक असा गोड आवाज, की माझे डोळेच भरून आले. हीच! हिला हाक मारली, एक बोंड तिच्या कानात घातलं. म्हटलं, 'ही तूच ना?'

म्हणाली, 'छे, ती डॉक्टरांची मुलगी.'

'मग ही, जरा मागची?'

'ती आमची मॉनिटर.'

'मग तू कुठे आहेस?'

ही खाली बसली. अंगठी फिरवायला लागली. म्हणाली, 'अहो, मी कुठे गात होते? बाईंनी मला आणि ताईला सांगितलं होतं, तुम्ही दोघी नुसतं तोंड हलवा.'

सव्वीस वर्षं! म्हटलं, 'अगं, मग बोलली का नाहीस?' तर म्हणते, 'तुम्ही म्हणालात, तुझाच सगळ्यात गोड. तसं मला आधी कुणी म्हटलंच नव्हतं. मग कसं सांगणार?'

मी तिच्याजवळ सरकलो. एकेक बोंड कानात, डॉक्टरांची मुलगी गातेय... आणि तेवढ्यात साडूंचा फोन! डावीकडून, दुसऱ्या रांगेतून लख्ख ऐकणारे आमचे साडू! 'काय मग साडूभाऊ? आला ना मेव्हणीबाईंचा आवाज ऐकू?'

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, 'आला, आला! दोघींचाही आला!'