मांडूची ताडी

रहने दो भिया, ताडीचं नाव माझ्यापुढे काढू नका! मध्यप्रदेश नवा होता आणि मीही नवाच जावई होतो. उन्हाळ्यात अधिक महिना आला. सासूबाईंनी वाण द्यायला मल्हारगंजला जेवायला बोलावलं. मी कळवलं, "ऑफिसच्या कामाने धारला जातोय." आणि गेलो थेट मांडूला. त्या उन्हात पडके महाल बघायला कुत्रंही फिरकत नाही, अन् ताडी मात्र ताजी मिळते.

एका कमानीखाली सावलीत कोणी गृहस्थ पाठमोरे बसले होते, शेजारी मडकं. मी म्हणालो, "काकाजी, जरा सरका ना."

ते सरकले आणि वळले. माझे सासरे!

सवयीने मी वाकून पायांना हात लावला. ते पुटपुटले, "घरी सांगून आलोय, उज्जैनला दर्शनाला जातो म्हणून."

"मी धारला आहे," मी म्हणालो.

शरमेने दोघांचीही मान वर होईना. शेवटी त्यांनी गिलास धुतला, काठोकाठ भरला आणि खाली बघतच दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या जावईबापू. अधिक महिना आहे. तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवलं, तर ही रागावेल."