सतराचा घन

चिमाजी अण्णांनी वाटोळं केलं माझं — आमचे थोरले चुलते, मार्गासनीला असतात — आन् तुमीबी त्यांच्यासारखंच तोंड करून विचारताय, टोटल आठ येतीय, आता कसं? कसं म्हंजे? नंबर प्लेट लावायची, गाडी चालवायची. पाच, शून्य, दोन, एक — आलं आठ, शनीचा आकडा, म्या कुठं न्हाई म्हणतोय. पण त्यातला एकाचा आकडा बारीक काढ, मोजण्यात येऊ नये — हे काय सांगणं झालं, काका? शनीला चष्मा लागलाय काय?

बसा. रेडियम कापेस्तवर ऐका. बानं मला जुनी मोटरसायकल आणली हुती, भोरला कॉलेजला जायला. बीएस्सी, गणित — हसू नका. नंबर एकोणपन्नास तेरा. आईनं हळद-कुंकू लावलं, नारळ फुटायच्या आत अण्णांची बोटांवर बेरीज सुरू. चार आन् नऊ तेरा, एक चौदा, तीन सतरा. सतराचे एक आन् सात, आठ. "शनीची गाडी! दारात नको." आन् म्या शहाणा सांगायला गेलो — अण्णा, ह्यो आकडा लई भारी हाय. सतराला सतरानं गुणा, परत सतरानं गुणा, चार हजार नऊशे तेराच येतात. आन् त्यातले आकडे मिळवले की पुन्हा सतरा! जिथनं निघाला तिथंच माघारी. असे आकडे लई थोडे. आठाचा घन पाचशे बारा — पाच, एक, दोन, झाले आठ. सव्वीसचंबी तसंच. मला वाटलं, अण्णा खूश होतील. अण्णांनी सव्वीसची बेरीज केली. "दोन आन् सहा — बघा, तिन्ही आठच! आन् गुणून गुणून माघारी येतो, पोरगाच सांगतोय. ह्यालाच साडेसाती म्हणतात." माझ्याच गणितानं शनी सिद्ध झाला, काका! अठरा आन् सत्तावीसबी असेच वागतात, त्यांची बेरीज नऊ येती — पण ते ऐकायला थांबतंय कोण? नारळ घेऊन अण्णा घरात.

गाडी? गाडी दिली अण्णांच्या जावयाला, पानशेतला. गेनू भावजींच्या राशीला आठ चालतो म्हणे! अण्णांची लेक मागं बसून फिरती, तिला शनी दिसत न्हाई. आन् बाप? बाप काय बोलतोय — थोरल्या भावापुढं त्याची मान जी खाली जाती, ती भाऊ उठून गेल्यावरच वर येती. मग म्या एसटीनं. मार्गासनीची सकाळची गाडी कधी येती, कधी न्हाई. हितं कापूरहोळला उतरून दुसरी धरायची, तवर तिकडं कॉलेजात दोन तास होऊन गेलेले. हजेरी भरली न्हाई, परीक्षेला बसू दिलं न्हाई. आन् अण्णा सगळ्यांदेखत काय म्हणाले ठावं हाय? "बघ, गाठलंच की शनीनं." बाप शेजारीच हुता. व्हय म्हणाला. नुसतं व्हय न्हाई — हात जोडून म्हणाला, अण्णा, तुमी म्हणून वेळेवर ओळखलं.

काय? पुढच्या वर्षी परत बसायचं? आत्ता तुमी विचारताय. घरात कुणी विचारलं न्हाई.

ही घ्या प्लेट. लिंबू-मिरची मागू नका, तसलं म्या ठेवत न्हाई. उठा आता, मागं लोक थांबलेत. कॉलेज गेलं. बापाशी बोलणं बंद झालं.