पुलापलीकडचा डबा

दवाखान्यातली औषधांची रांग काही हलेना. बाळाला खांद्यावर थोपटत एक बाई उभी होती, आणि पुढच्या दोन जावांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं. तोंड थोरलीने उघडलं.

“पोराला पुलापलीकडच्या शाळेत घातलंस म्हणे.”

“घातलं. एका बाकावर एक आपला, एक त्यांचा. डबा दोघांत एकच. एक दिवस आपल्या घरचा, एक दिवस त्यांच्या.”

“म्हणजे त्यांच्या हातचं खातो तो?”

“काल खाल्लं. मीठ कमी होतं. तसा निरोप धाडलाय त्या पोराच्या आईला.”

“लाज कशी वाटत नाही गं? त्यांच्याशी लढाई थांबून वर्ष झालं नाही. माझा मुलगा त्याच पुलावर गेला.”

“तो बंदूक घेऊन निघाला, तेव्हा आपण दोघींनीच डबा भरून दिला होता, ताई. कुणी नाक मुरडलं नाही. आता दप्तर घेऊन निघालेल्याला डबा देते, तर सगळ्या गल्लीच्या पोटात दुखतंय. दुखू दे.”

“गल्ली बोलायची बंद होईल तुझ्याशी.”

“होऊ दे. मला माझं पोर म्हातारं झालेलं हवंय.”

रांग जराशी सरकली.

“उद्या डबा कुणाचा?”

“आपला. तुझ्या लेकाचाच डबा घासून ठेवलाय. द्यायचा नसेल तर आत्ताच सांग.”

खिडकी आली तशी थोरलीने औषधाची चिठ्ठी आत सरकवली.

“झाकण सैल आहे त्याचं,” मग ती म्हणाली. “फडक्यात घट्ट बांधून दे.”