क्वामेनाची कोंबडी

…नाही, तुम्हीच सांगा, दोन तास घसा फोडायचा मी, तोंडाला पांढरा रंग फासून घामात भिजायचं मी, पडायचं मी, धडपडायचं मी, आणि टाळी कुणाला? त्याला! क्वामेनाला! वर्षापूर्वी मेलेल्या माणसाला! मी त्याच्या मातीला होतो हो, पेटीचं एक टोक याच खांद्यावर होतं, तेव्हा तो मेलाय याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही… पण हे त्याला कोण सांगणार?

तुम्हाला सांगतो, आमची कंपनी लहानशी. एक गिटार, एक ढोल आणि नकला करणारे आम्ही दोघं, मी आणि क्वामेना. घानाच्या किनाऱ्यावर कोळ्यांची गावं, तिथं बाजाराच्या दिवशी उतरत्या उन्हात पटांगणात खेळ. गाणं, मग नक्कल, मग पुन्हा गाणं, आणि मधेच कुठंतरी गावाचं दुखणं. क्वामेना म्हणायचा, "एबो, भाषण ठोकलं की लोक मक्याची केंकी खायला उठतात. हसवलं की हातातली केंकी तोंडात घालायची विसरतात."

आमच्या गावचं दुखणं म्हणजे पंप. विहिरीवर नवा पंप बसला, दोन महिने पोरंबाळं स्वच्छ पाणी प्यायली, आणि एका सकाळी बघतो तर पंप गायब! दुरुस्तीला नेला म्हणे. नेला कुणी? आमच्या कमिटीच्या डाड्झीसाहेबांनी. आणि त्याच आठवड्यात साहेबांच्या कोंबड्यांच्या वाडीत पाण्याचं कारंजं! इकडे पोरं डबक्यातलं पिऊन पोट धरून लोळतायत, तिकडे कोंबड्या आंघोळ करतायत! पण बोलणार कोण?

मग आम्ही नक्कल बसवली. मी विचारायचं, "क्वामेना, आपला पंप रे कुठं गेला?" आणि तो… एक शब्द नाही हं, एकही नाही! हात काखेत, मान पुढं, डाड्झीसाहेबांची ती पोट सांभाळत टाकलेली पावलं, आणि कॉक… कॉक-कॉक-कॉक! लोक जमिनीवर लोळायचे. आमच्याकडे रीतच आहे, नट मनाला भिडला की भर खेळात उठायचं आणि त्याच्यापुढं काहीबाही खायला ठेवायचं. त्याच्यापुढं पाव, तळलेले मासे, संत्री! मला? एकदा एक संत्रं मिळालं, तेही चोखलेलं. टाळी कुणाला? त्याला!

एक दिवस शिपाई आले आणि त्याला घेऊन गेले. "काय बोललास?" "बोललो नाही साहेब, कोंबडी झालो." तीन आठवडे कोठडीत ठेवला. परत आला तो खोकत, आणि महिन्याभरात खोकतच गेला. मला कुणी हात लावला नाही. का? अहो, प्रश्न तर माझा होता ना! पंप कुठं गेला, हे मीच विचारलं होतं ना! मग कुणी का नेलं नाही मला?

त्यानंतर मी एकट्यानं खेळ करतो. बाजूला त्याचं स्टूल, स्टुलावर त्याची टोपी. प्रश्न विचारतो आणि थांबतो. कोंबडी व्हायची हिंमत नाही हो माझ्यात, खरं सांगतो, नाही. नुसता थांबतो… आणि त्या थांबण्यात मला त्याचा खोकला ऐकू येतो. आणि लोक? लोक हसतात! रिकाम्या स्टुलाकडे बघून पोट धरधरून हसतात, आणि पाव ठेवतात टोपीपुढं! मी उपाशी, मेलेल्याला मासे, आणि टाळी कुणाला?

मग आला त्याच्या वर्षाच्या दिवशीचा खेळ. सगळं गाव सुतकाच्या काळ्या-लाल कपड्यांत, समोर त्याची बायको अराबा, आणि तिच्या शेजारी, हातात रुमाल घेऊन, कोण? डाड्झीसाहेब! मागे हवालदार. मी मनाशी म्हटलं, एबो, आज प्रश्नच गाळ. पण त्या गिटारवाल्यानं मेल्यानं नेमका त्याच नकलेचा सूर छेडला! झालं, सवयीनं तोंडातून गेलंच, "क्वामेना, आपला पंप रे कुठं गेला?"

कुणी हसलं नाही. अराबा माझ्याकडे बघतेय. टोपी माझ्याकडे बघतेय. मी एक हात काखेत घातला… दुसरा काही वर येईना. आणि खोकला… इतका जवळून की मानेला वारा लागला. आणि तेवढ्यात पार मागून, केंकी विकणाऱ्या एफुआ आजीच्या टोपलीपाशी, कॉक.

मग कॉक-कॉक. मग तीनशे माणसं, तुम्हाला सांगतो, म्हाताऱ्याकोताऱ्या, कोळी, अंगावर पिणारं लेकरू घेतलेल्या बायका, सगळे हात काखेत! अराबासुद्धा, डोळ्यांतून धारा आणि तोंडानं कॉक-कॉक! हवालदार ओरडला, "कोण? कोण ओरडलं?" एफुआ आजी म्हणाली, "क्वामेना." शेजारचा म्हणाला, "क्वामेना." सगळं पटांगण, "क्वामेना, साहेब, क्वामेना!" त्या बिचाऱ्यानं वहीत लिहिलं क्वामेना. डाड्झीसाहेब उठून निघाले, तर त्यांची चाल… काय सांगू, हुबेहूब!

पाच दिवसांनी ठाण्यात हजर राहण्याचं समन्स आलं. कुणाच्या नावे? त्याच्या! अहो, समन्ससुद्धा त्यालाच! आणि सहाव्या दिवशी लॉरीतून पंप आला. दुरुस्त होऊन, म्हणे. आत पिसं अडकलेली.

गावानं ठरवलं, पहिली बादली क्वामेनाच्या मातीवर. वाहून कोणी न्यायची? मी! चढण केवढी, माझं वय केवढं! गेलो. पाणी ओतलं. इकडं तिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. म्हटलं, दोस्ता, प्रश्न माझा होता, जायला हवं होतं ते मी. आणि मग घातले दोन्ही हात काखेत, आणि झालो कोंबडी. काय सुरेख झालो हो! सूर लागला होता… जन्मात पहिल्यांदा.

थांबलो. सवयच ना ती, थांबायची.

आणि मागच्या झुडपातून उत्तर आलं… कॉक.

कुणाची तरी चुकलेली कोंबडी असेल, असणारच. पण तुम्हाला सांगतो, सूर माझ्यापेक्षा बरा होता. म्हणजे तिथंही, एवढी चढण चढून, टाळी कुणाला?

…जाऊ दे. घेऊ दे त्यालाच.