साहेबांचा चिवडा

दुर्गा : साहेबांच्या भरलेल्या बॅगेत वरती चिवड्याचा डबा होता, त्याच्याखाली इस्त्रीचे शर्ट, तळाला औषधांचं पाकीट. सगळं मीच बाहेर काढलं.

सुकदेव : बॅग बदलत असतील.

दुर्गा : बॅग माळ्यावर गेली. रिकामी. माझ्यासमोर.

सुकदेव : असं कसं? परवा साहेब अन् मी, दोघं ढाक्याला निघायचं. मशीन मी बसवणार, तिकडच्या शेठशी बोलणार साहेब. दोघांचं तिकीट आलंय.

दुर्गा : तुमचं आलंय, तेवढंच खरं धरा. वहिनी म्हणाल्या, सासूबाई फोनवर रडल्या. सरकारनंही गरज नसेल तर जाऊ नका सांगितलंय. मी काही आमच्या ह्यांना पाठवत नाही, म्हणाल्या.

सुकदेव : अन् मी?

दुर्गा : तुमच्यासाठी डबा दिला ना. म्हणाल्या, सुकदेवला दे, वाटेत होईल, आमच्याकडे कोण खातंय एवढा. मीच केलेला चिवडा. साहेबांना तिखट सोसत नाही म्हणून मिरची कमी घातलेली.

सुकदेव : तू काही बोलली नाहीस?

दुर्गा : त्यांच्याच घरी स्वयंपाक करते मी. काय बोलणार? डबा घेतला आणि आले.

सुकदेव : मोबाइलवर मी बी बघतो. कर्फ्यू, जाळपोळ, नेट बंद. पण म्हटलं, साहेब काय उगाच आपला जीव धोक्यात घालतील? ते जातात म्हणजे जागा सेफच असणार. आपण अजून काय तपासणार? अन् परत आल्यावर परमनंट करतो म्हणाले.

दुर्गा : परत आल्यावर.

सुकदेव : थांब. त्यांनाच विचारतो. तू बी ऐक.

(फोनचा स्पीकर चालू.)

अनंत : बोल रे सुकदेव. झाली का तयारी?

सुकदेव : साहेब, तिकडं आता कसं आहे?

अनंत : काही नाही रे, बातम्यांवाले तिखटमीठ लावून सांगतात. मी स्वतः सगळी चौकशी केली आहे. हॉटेल ते फॅक्टरी, गाडी आपलीच असेल. निर्धास्त जा.

सुकदेव : तुम्ही बी येताय ना?

अनंत : मी... अरे, इथे ऑडिट निघालं अचानक. तू हो पुढे, मी मागून येतोच.

सुकदेव : मागून म्हणजे कधी?

अनंत : जरा वातावरण निवळलं की.

सुकदेव : मग मी बी तेव्हाच निघतो साहेब. तुमच्याबरोबर.

अनंत : हे बघ, जबरदस्ती कुणालाच नाही. पण काम तुझ्यासाठी थांबणार नाही. कल्पेशला विचारलं तर तो एका पायावर तयार होईल. आणि परमनंटचा विषय यापुढे माझ्याकडे काढू नकोस. ठेवतो.

दुर्गा : सुटलो बाई.

सुकदेव : कसले सुटलो? इतकी वर्षं ठेकेदाराच्या हाताखाली काढली, आता मरेपर्यंत तिथंच.

दुर्गा : मराल तेव्हा घरी तरी मराल. पण कल्पेशला बॅगेचं सांगायला पाहिजे. भिंतीपलीकडेच तर राहतो.

सुकदेव : अन् त्यानं साहेबांना तोंडावर विचारलं तर? बॅग कुणी रिकामी केली, ते त्यांना माहीत आहे. माझं गेलंच, तुझं बी काम जाईल. पोरीची फी कोण भरणार?

दुर्गा : मग गप्प बसायचं?

सुकदेव : त्यानं विचारलं तर सांगू.

दुर्गा : तो कशाला विचारेल? तो म्हणेल, सुकदेवभाऊ जाणार होते, म्हणजे जागा सेफच असणार.

सुकदेव : हळू बोल. पलीकडे ऐकू जातं.

दुर्गा : ऐकू जाऊ दे म्हणावं असं वाटतंय, पण आवाज निघत नाही. लाज वाटते हो.

सुकदेव : मला काय वाटत नाही?

दुर्गा : पोरगी मघापासून चिवडा मागतेय. देऊ का थोडा?

सुकदेव : नको. डबा तसाच ठेव. उद्या वहिनी परत मागतील.