विटांची वाट

माझ्यापुढं त्या वाटंचं नाव काढू नका, गड्यांनो! एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीवर घरी आलो. आलं-गेलं माणूस माझा झेंडू तुडवायचं आन चिखल घरात आणायचं. म्हणून मलकापूरच्या भट्टीवरनं विटा आणल्या. फाटकापास्नं दारापतूर दोरी लावली, वाळू चोपली आन एकेक वीट सोता बसवली. कडंनं तिरक्या विटा रोवून त्यास्नी चुना फासला. अगदी छावणीवानी!

पयल्याच दिशी शेजारचा तात्या आला. फाटकात चपला काढल्या आन गेला की झेंडूतनं!

मी वरडलो, "तात्या, मग वाट कशाला केलीया मी?"

"आवं सुभेदार, एवढी देखणी हाय. तिच्यावर पाय कसा द्यायचा?"

त्याचं बघून समदा गाव झेंडूतनंच! माझं टाळकं सरकलं. म्हणलं, थांबा, कसं चालायचं ते दावतोच तुमास्नी. छाती काढून पाय उचलला, तवर दारातनं बायको गरजली, "पाय ठिवशीला तर याद राखा! आत्ताच रांगोळी काढलीया!"

गेलो झेंडूतनं. चपला हातात घेऊन!