बुर्श्तिनची पहिली शिकवणी

पशुखाद्याच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे ग्राझिना आणि तिची शेजारीण वान्दामावशी उभ्या होत्या.

“उद्या घोडेस्वारीची पहिली शिकवणी ना, पोरी?”

“हो. बुर्श्तिनला घेऊन जायचंय. आत्तापासूनच भीती वाटतेय.”

“स्वतःच्याच घोड्याची भीती?”

“गेल्या वर्षी त्याने मला पाडलं, मावशी. तेव्हापासून बसलेच नाही. नुसता लगाम धरून कुरणात फिरवते.”

“शिकवणाऱ्या बाईंना सांगितलंस हे?”

“नाही. त्या म्हणतील, तुला झेपायचा नाही, विकून टाक.”

“म्हटलं तर विकशील?”

“नाही.”

“मग लपवतेस कशाला?”

ग्राझिना रांग सोडून बाजूला झाली आणि तिने फोन लावला.

“बाई, मी ग्राझिना. उद्या आम्ही दोघं येतोय. पण एक सांगायचं राहिलंय.”